टॅपेट वाजतंय की चेन?

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या मोटरसायकलच्या इंजिनातून आवाज यायला लागला. गाडी २००६ सालची स्प्लेंडर. मीटर एकदा ९९,९९९ वरून शून्यावर येऊन पुन्हा चाळीस हजारांच्या पुढे गेलंय. भिसेगावहून चौकच्या रस्त्याने शाळेत जाणं-येणं याच गाडीवर, त्यामुळे ती बंद पडली तर माझी नोकरी रिक्षाच्या भरवशावर. एका गॅरेजात दाखवली. तिथल्या मुलाने जेमतेम दहा सेकंद रेस दिली आणि सांगितलं, "हाफ इंजिन करावं लागेल." म्हणजे सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घेऊन निघालो आणि कर्जतच्या एका जुन्या उस्तादांकडे गेलो. मी त्यांना चाचा म्हणतो.

चाचांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी प्रश्न. "सर, आवाज सकाळी थंड गाडीत जास्त येतो की तापल्यावर? क्लच दाबला की बदलतो का? चढावर वाढतो का? रेस सोडताना येतो की देताना?" मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत. पण हे प्रश्न आले कुठून, हा विचार डोक्यात राहिला. कुठल्या पुस्तकात चाचांनी ते वाचलेले नाहीत. त्यांच्या उस्तादांनाही यातले सगळे ठाऊक नव्हते, कारण त्यांच्या काळात इंजिनच वेगळं होतं.

ऐकून दोष ओळखायची विद्या कर्जतला मोटरसायकलच्या आधी आली, रेल्वेबरोबर. १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत गाडी सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटाची चढण खुली झाली. तेव्हापासून घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा द्यायला कर्जतला जादा इंजिनं जोडतात. लहानपणी फलाटावर लांब दांड्याची हातोडी घेतलेला माणूस डब्यांच्या चाकांवर ठोके मारत जाताना मी पाहिला आहे. चाक निर्दोष असेल तर घंटेसारखं घुमतं, तडा असेल तर बद्द वाजतं. तेव्हा मला वाटायचं, हा माणूस चाकं घट्ट बसवतोय.

याचं मूळ आणखी मागे शोधायचं तर दवाखान्यात जावं लागेल. इब्न सीनाने 'कानून'मध्ये नब्ज पाहण्याच्या दहा कसोट्या लिहून ठेवल्या, त्यात गती आहे, जोर आहे, ताल आहे. तो वारला १०३७ मध्ये. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. पण लाएनेकची खरी अडचण पुढे होती. जे ऐकू आलं त्याला नावं नव्हती. ती त्याला बसवावी लागली, आणि आजही फ्रेंच डॉक्टर त्यातली काही वापरतात. ही अडचण लक्षात ठेवा, चाचांच्या गॅरेजात ती पुन्हा भेटणार आहे.

आपल्याकडे रस्त्यावर राजदूत आणि येझदी धावत होत्या तो काळ टू-स्ट्रोकचा. बजाजच्या स्कूटरीही त्याच जातीच्या, आणि १९८५ ला आलेली यामाहा आरएक्स १०० सुद्धा. टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसतात, कॅमशाफ्ट नसतो, टायमिंग चेन नसते. पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडतो आणि झाकतो. त्यामुळे वरून ठोका आला तर पिस्टन किंवा त्याची पिन, खालून जड धाडधाड आली तर कनेक्टिंग रॉड किंवा क्रँकचे बेअरिंग, एवढीच मुख्य वाटणी. बुलेट होती फोर-स्ट्रोक, तिचे टॅपेट खटखटायचे. पण बुलेट किती जणांकडे असणार? त्या काळच्या साध्या मिस्त्रीचा कान टू-स्ट्रोकवर तयार झाला.

मग १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. ९७.२ सीसी, फोर-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची गरज नाही, अॅव्हरेज भरपूर. १९९४ ला स्प्लेंडर आली आणि गावोगाव पसरली. २००० सालच्या प्रदूषणाच्या नियमांनंतर टू-स्ट्रोक मोटरसायकली मागे पडत गेल्या. गाड्यांच्या इतिहासात हे सगळं लिहिलेलं असतं. त्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या कानांचं काय झालं, हे मात्र कोणी लिहीत नाही.

चाचा सांगतात, त्यांच्या उस्तादांकडे पहिली सीडी १०० आली तेव्हा वरून बारीक टकटक येत होती. उस्तादांनी जन्मभराच्या हिशेबाने पिस्टनचा निकाल दिला आणि ब्लॉक उतरवला. पिस्टन ठणठणीत. वाजत होता तो टॅपेट, ज्याचं अंतर फिलर गेज घालून पाच-दहा मिनिटांत लावता आलं असतं. तालही बदलला होता. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा, आणि कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलिंगला क्रँक मिनिटाला चौदाशे फेरे घेत असेल तर कॅमचे सातशे. उस्तादांना वयाच्या पन्नाशीत नवी भाषा शिकावी लागली. मी उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना मराठी शिकवतो, त्यामुळे ते काय असतं याची मला कल्पना आहे. ऐकू सगळं येतं, पण आधीच्या भाषेचाच अर्थ लागतो.

आता माझी गाडी. चाचांनी ती चालू केली आणि शागिर्दाच्या हातात लांब स्क्रू-ड्रायव्हर दिला. त्याने टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मी विचारलं, "चाचा, तुम्ही नाही ऐकणार?" ते हसले. चाळीस वर्षं गॅरेजच्या गोंगाटात गेली की बारीक आवाज आधी जातात. जड ठोका त्यांना आजही ऐकू येतो, पण टॅपेटची टकटक त्यांच्यासाठी संपली. त्यामुळे ऐकतो तो पोरगा, आणि निदान करतात चाचा. दोघांच्या मध्ये फक्त शब्द.

"कसा?"

"टकटक."

"नीट ऐक. टकटक की करकर?"

पोरग्याने टोक हेडवरून काढून डाव्या कव्हरवर ठेवलं. "इथं करकर. वरती कमी. रेस सोडली की जास्त."

"खालून धपधप?"

"नाही."

मी वर्गात ध्वनिवाचक शब्द शिकवताना फळ्यावर किरकिर, खडखड, घरघर लिहितो आणि मुलं जांभया देतात. इथे टकटक आणि करकर यांच्यातल्या फरकावर माझे काही हजार रुपये अडकले होते. (खुद्द 'आवाज' हा शब्द फारसी, 'उस्ताद'ही फारसी, 'मिस्त्री' पोर्तुगीजांकडून आलेला. पण आवाजांची नावं अस्सल मराठी.)

स्प्लेंडरच्या इंजिनात टायमिंग चेन डाव्या बाजूला असते. ती सैल पडू नये म्हणून तिला दाबून धरणारा टेन्शनर असतो. त्याची गुंडी झिजली किंवा स्प्रिंग मेली की चेन कव्हरला आतून घासते, आणि रेस सोडताना तर झोलच खाते. टॅपेट असता तर आवाज हेडवर सर्वात मोठा आला असता. रॉड असता तर गाडी तापल्यावर आणि चढावर, म्हणजे ऑइल पातळ झाल्यावर आणि लोड आल्यावर, ठोका वाढला असता. मला पहिल्यांदा विचारलेले प्रश्न यासाठी होते.

कव्हर उघडलं. चेन ताणून लांबलेली, टेन्शनरचं रबर खाल्लेलं. दोन्ही बदलले, टॅपेटचं अंतर लावलं. दुपारपर्यंत काम झालं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. आता नव्या स्प्लेंडरला कार्ब्युरेटर नाही, फ्यूएल इंजेक्शन आहे, आणि बिघाड झाला की मीटरवर दिवा लागतो. शागिर्दाला स्कॅनर वापरायला शिकायचं आहे आणि चाचांनी त्याला नाही म्हटलेलं नाही. फक्त सेन्सरला चेनची करकर कळत नाही, एवढं ते सांगून ठेवतात.

सकाळी थंड असताना गाडी अजून पहिली दोन मिनिटं किंचित खडखडते, तापली की गप्प. चाचांना सांगितलं. ते म्हणाले, तो पिस्टनच, सिलिंडर थोडा झिजलाय, म्हणजे पहिल्या गॅरेजवाल्या पोराचं अगदीच चूक नव्हतं. ऑइल वेळेवर बदला, धूर दिसायला लागला की या.