थोलिने

थोलिने : मिथेन, नायट्रोजन, अमोनिया, पाणी यांसारख्या साध्या पदार्थांच्या वायुमिश्रणांवर वा गोठलेल्या मिश्रणांवर जंबुपार किरण, विद्युत् विसर्जन किंवा विद्युत् भारित कण यांची क्रिया होऊन बनणाऱ्या, पिवळसर ते तांबूस-तपकिरी रंगाच्या जटिल कार्बनी घन पदार्थांचे सामूहिक नाव. थोलिन हे एखाद्या विशिष्ट संयुगाचे नाव नव्हे. सुरुवातीचे मिश्रण, तापमान व ऊर्जेचा प्रकार यांनुसार त्याचे संघटन बदलते. शनीचा टायटन हा उपग्रह, प्लूटो, तसेच कायपर पट्ट्यातील अनेक लहान खस्थ पदार्थ यांच्या तांबूस रंगाचा उलगडा या द्रव्यांच्या साहाय्याने करतात. पृथ्वीच्या सध्याच्या ऑक्सिजनयुक्त वातावरणात ती नैसर्गिक रीत्या तयार होत नाहीत.

इतिहास : या विषयाची सुरुवात दोन स्वतंत्र दिशांनी झाली. जेरार्ड कायपर यांना १९४४ मध्ये टायटनच्या वर्णपटात मिथेनाचे शोषणपट्ट आढळले व या उपग्रहाला वातावरण आहे हे सिद्ध झाले. दुसरीकडे स्टॅन्ली मिलर यांनी १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात हॅरल्ड यूरी यांच्या मार्गदर्शनाखाली मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व पाण्याची वाफ यांच्या मिश्रणातून विद्युत् ठिणग्या पाठवून ॲमिनो अम्ले मिळविली [⟶ जीवोत्पत्ति]. अशा प्रयोगांत पात्राच्या भिंतींवर एक चिकट तपकिरी थरही साचत असे. त्याचे पृथक्करण अवघड असल्याने बहुतेक संशोधकांचे लक्ष पाण्यात विरघळणाऱ्या ॲमिनो अम्लांकडेच राहिले.

या दुर्लक्षित अवशेषाचा पद्धतशीर अभ्यास कॉर्नेल विद्यापीठात कार्ल सेगन व वाराणसी येथे जन्मलेले भौतिकीविज्ञ बिशुन खरे यांनी केला. त्यांनी १९७३ मध्ये टायटनच्या तांबूस ढगांची अशा द्रव्यांशी तुलना केली आणि १९७९ मध्ये त्यांना ‘थोलिन’ हे नाव सुचविले. गढूळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते बनविलेले आहे. ‘तारकीय डांबर’ अशा अर्थाचे नाव देण्याचाही विचार त्यांनी केला होता. रासायनिक संरचना निश्चित न झालेल्या द्रव्याला संरचनेविषयी काहीही न सांगणारे नाव देणे हा या निवडीमागील हेतू होता.

व्हॉयेजर–१ हे अवकाशयान नोव्हेंबर १९८० मध्ये टायटनजवळून गेले. तेथील वातावरण मुख्यत्वे नायट्रोजनाचे असून पृष्ठावरील दाब पृथ्वीवरील दाबाच्या सु. दीडपट व तापमान सु. –१८०° से. असल्याचे दिसून आले. हायड्रोजन सायनाइड, ॲसिटिलीन, सायनोॲसिटिलीन इ. संयुगेही आढळली, मात्र नारिंगी धुरकट थरामुळे पृष्ठभाग दिसू शकला नाही. यानंतर खरे, सेगन व त्यांचे सहकारी यांनी ९० टक्के नायट्रोजन व १० टक्के मिथेन यांच्या मिश्रणापासून मिळविलेल्या थोलिनाचे प्रणमनांक व शोषण १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. टायटनच्या निरीक्षणांशी तुलना करण्यासाठी ही मूल्ये पुढे अनेक वर्षे प्रमाणभूत ठरली. या थोलिनाचे जलीय विच्छेदन केल्यास ॲमिनो अम्ले मिळतात, असेही १९८६ मध्ये त्यांनी दाखविले.

बर्फांवरील क्रिया : वातावरण नसलेल्या खस्थ पदार्थांवर वैश्विक किरण, सौरवाताचे कण व जंबुपार किरण थेट बर्फावर आदळतात. त्यामुळे रेणू भंग पावून मूलके बनतात, हायड्रोजन निसटून जातो व उरलेले कार्बनयुक्त तुकडे परस्परांशी जोडले जाऊन गडद अवशेष तयार होतो. नेदर्लंड्समधील लायडन येथे मेयो ग्रीनबर्ग यांनी अशा बर्फांवरील जंबुपार किरणांच्या परिणामांचा दीर्घकाळ अभ्यास केला. आंतरतारकीय बर्फासारख्या मिश्रणांतून अशा क्रियेने ॲमिनो अम्ले मिळत असल्याचे दोन स्वतंत्र गटांनी २००२ मध्ये दाखविले.

निरीक्षणांनी या कल्पनेला आधार मिळत गेला. हॅली धूमकेतूच्या १९८६ मधील भेटीत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन व नायट्रोजन यांनी समृद्ध धूलिकण आढळले. १९९२ मध्ये सापडलेला फोलस हा सूर्यकुलातील अतिशय तांबड्या खस्थ पदार्थांपैकी एक ठरला. न्यू होरायझन्स यानाने १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोच्या विषुववृत्ताजवळील गडद तांबडे प्रदेश व त्याच्या कॅरन या उपग्रहाचा तांबूस ध्रुव यांची छायाचित्रे घेतली. प्लूटोवरून निसटलेले मिथेन कॅरनच्या दीर्घ हिवाळ्यातील थंड ध्रुवावर गोठते व प्रारणामुळे त्याचे जड कार्बनी द्रव्यात रूपांतर होते, असे मानतात. याच यानाने १ जानेवारी २०१९ रोजी सूर्यापासून सु. ६·५ अब्ज किमी. अंतरावरील आरोकॉथची पाहणी केली. त्याच्या तांबड्या पृष्ठावर मिथेनॉलाचा बर्फ आढळला.

ओळखीचा प्रश्न : रंगावरून द्रव्य ओळखणे धोक्याचे असते. थोलिनाच्या दृश्य वर्णपटात ठळक शोषणरेषा नसतात. निळ्याकडून तांबड्याकडे परावर्तन हळूहळू वाढत जाते, एवढेच दिसते. लोहयुक्त सिलिकेट खनिजांमुळेही असाच तांबूसपणा येऊ शकतो. म्हणून प्रयोगशाळेतील थोलिन हे निसर्गातील द्रव्याचा नमुना नसून त्याची प्रतिकृती होय, हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. हायगेन्झ यान १४ जानेवारी २००५ रोजी टायटनवर उतरले. उतरताना गोळा केलेली वायुकलिले तापविली असता अमोनिया व हायड्रोजन सायनाइड मिळाल्याचे जाहीर झाले. परंतु या अर्थबोधावर २००६ मध्ये आक्षेप घेण्यात आला. याउलट कॅसिनी यानाला वातावरणाच्या वरच्या थरांत, सु. १,००० किमी. उंचीवर, हजारो एकक द्रव्यमानाचे ऋण आयन आढळले. मोठ्या रेणूंची जडणघडण धुरकट थराच्या कितीतरी वर सुरू होते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

सर्वच जटिल कार्बनी द्रव्ये प्रारणजन्य असतात असेही नाही. शनीच्या एन्सेलाडस या सु. ५०० किमी. व्यासाच्या उपग्रहावरून उसळणाऱ्या हिमकणांत २०० एककांहून अधिक द्रव्यमानाचे कार्बनी रेणू आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा उगम बर्फाखालील महासागरात असावा असे मानतात.

महत्त्व : थोलिनांमुळे जीवोत्पत्तीचा उलगडा होतो असे म्हणता येत नाही. जीवसृष्टीला आवश्यक अशी काही संयुगे जीवांच्या साहाय्याविना, अतिशीत परिस्थितीतही बनू शकतात, एवढेच त्यांवरून सिद्ध होते. अशी द्रव्ये द्रवरूप पाण्याच्या दीर्घ संपर्कात आल्यास काय घडते, हा पुढील प्रश्न आहे. अशनिपातामुळे टायटनवरील बर्फ काही काळ वितळून हा संपर्क घडला असावा. २०२८ मध्ये सोडण्याचे नियोजन असलेले ड्रॅगनफ्लाय हे उडते यान सेल्क या विवराच्या परिसरातील नमुन्यांची तपासणी करणार आहे. या द्रव्याचे पृथक्करण तेथे जागेवरच द्रव्यमान वर्णपटमापकाने करण्याची योजना आहे.