बहात्तरची भाऊबीज

आमच्या माण तालुक्याला दुष्काळ काही नवा नाही. तरीपण 'दुष्काळ' म्हटलं की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढं एकच साल येतं, बहात्तर. त्याच्या आधीची वर्षंही ओढीतच गेली होती. विहिरीच्या तळाला थोडं पाणी होतं, पण कणगीत दाणा नव्हता. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात फिरायची. सगळं गाव दुष्काळी कामावर. कुणी खडी फोडायचं, कुणी पाझर तलावाची माती उचलायचं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना या दुष्काळानंच पुढं रेटली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. हे सगळं सरकारदरबारी लिहिलेलं आहे. त्या साली आमच्या घरी भाऊबीज कशी झाली ते कुणी लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितो.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. पाडव्याला अंगणात शेणाचे पांडव घालायचे, पण जनावरं बाजारात गेलेली, शेण आणायचं कुठून? आम्ही पोरांनी ते चिखलाचे केले. फराळ म्हणजे कामावर मिळालेली सुकडी. आईनं ती कोमट पाण्यात मळून तिचे लाडू वळले. ओवाळणीचं तर कुणी नावच काढत नव्हतं. एरवी भावानं बहिणीला लुगडं न्यायचं, नाहीतर खण तरी. त्या साली बायका ओढ्यावर बोलायच्या, "ताटात सुपारी टाकली तरी चालंल, पर भाऊ दारात यावा."

आईची चिंता वेगळीच होती. आजी त्याच ज्येष्ठात गेली होती. आईमागं तिची लुगडी लेकीला द्यायची, अशी आमच्याकडची रीत. पण दिवसकार्य उरकलं तरी मामानं गाठोडं पुढं केलं नाही. आईनंही मागितलं नाही. जात्यावर बसली की मात्र म्हणायची, "माझ्या आईची एक चिंधीबी मला मिळू ने?" चार महिने बहीण-भावात येणंजाणं नव्हतं. मामा येणार नाही हे तिनं मनाशी धरलं होतं. भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात, तसं ओवाळीन म्हणाली.

भाऊबीजेला दिवस कासराभर वर आला असेल, मामा दारात. आटपाडीकडून रात्रभर चालत आला होता. खांद्यावर गाठोडं. पाटावर बसला, आईनं न बोलता ओवाळलं. त्यानं ताटात सुपारी टाकली आणि गाठोडं सोडलं. आत वाकळ होती.

"आक्का, नवं लुगडं घ्याया पैका न्हवता. ही आईची चार लुगडी हायती. तवाच द्यायची, पर पार इरलेली, हातात घेतली की फाटायची. तुला चिंध्या कशा देऊ? मग हिनं शिवली."

'हिनं' म्हणजे मामीनं. ती दिवसभर खडी फोडायची आणि रात्री चिमणीपुढं वाकळ घेऊन बसायची. दोरा विकत घेतलेला नव्हता. धान्याच्या पोत्यांची तोंडं शिवलेला दोरा उसवून तिनं गाठी मारमारून जपला होता. काठापासून सुरुवात करून चौकोनात चौकोन असा धावदोरा पार मध्यापर्यंत. खडीनं बोटं फुटलेली, त्यामुळं कडेला दोन-तीन ठिकाणी रक्ताचे बारके डाग होते. मामीनं ते धुतले असतील, पण गेले नव्हते.

आईनं वाकळ तोंडाला लावली. आजीच्या मिश्रीचा वास त्यात राहिला होता म्हणे. मला काही आला नाही. मग ती रडली, आणि मामा दाराबाहेर बघत बसला. जाताना आईनं निम्मे लाडू त्याच्या धोतराच्या सोग्यात बांधले आणि मामीच्या बोटांसाठी वाटीत होतं नव्हतं तेवढं तेल दिलं.

आता पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनात गोधड्या विकायला असतात, बायका हात फिरवून "किती छान" म्हणतात. माझी काही तक्रार नाही. पण दुष्काळाचं कौतुक माझ्याच्यानं होत नाही. हातात पैसे असते तर मामानं म्हसवडच्या बाजारातून लुगडंच आणलं असतं, आणि आईलाही तेच आवडलं असतं. फक्त आजीची लुगडी त्याच्या माळ्यावर उंदरांनी खाल्ली असती.

वाकळ आम्ही रोज वापरली. वरचं तांबडं लुगडं हळूहळू झिजत गेलं. एका हिवाळ्यात पायथ्याकडं तळहाताएवढं भोक पडलं आणि आतलं हिरवं इरकल दिसायला लागलं. माझी बायको ठिगळ लावायला बसली, तर आईनं तिच्या हातातली सुई काढून घेतली.

"र्‍हाऊ दे गं," म्हणाली, "आईचं हिरवं निघालंय."