आउटबोर्ड मशीनमध्ये कार्बन धरतोय? कारणे, लक्षणे आणि उपाय

वर्सोवा, मढ, मार्वे, मनोरी, गोराई या पट्ट्यात खाडीत आणि किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या छोट्या होड्यांना टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन असते. वजनाला हलके, दुरुस्तीला सोपे. पण त्याचा जुना आजार एकच, कार्बन. घाटावर मशीन नीट चालते आणि खाडीच्या तोंडाशी, ओहोटीच्या ओढीत बंद पडते. तिथे होडी गाळाच्या पट्टीवर लाटेला आडवी झाली तर जिवावर बेतते.

कार्बन का धरतो?

टू-स्ट्रोक मशीनमध्ये ऑइल इंधनात मिसळूनच आत जाते आणि जळते. ते पूर्ण जळले नाही की काजळी पिस्टनच्या डोक्यावर, रिंगच्या खाचेत, प्लगवर आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटेत बसते. प्रमुख कारणे अशी :

• ऑइल जास्त टाकणे. '५०ला १' म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिली. अंदाजाने ओतले की ४०० मिली कधी होते कळत नाही, आणि ते झाले '२५ला १'.
• गाडीचे इंजिन ऑइल वापरणे. ते जळताना राख सोडते. आउटबोर्डसाठी डब्यावर 'टीसी-डब्ल्यू ३' असा शिक्का असलेलेच ऑइल घ्यावे.
• जाळे टाकताना तासन् तास हळू मशीन चालवणे. आत पुरेशी उष्णता होत नाही.
• रॉकेल. ते पेट्रोलपेक्षा उशिरा वाफ होते, त्यामुळे अर्धवट जळते. रॉकेलवर चालणारे मशीन पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावरच रॉकेलवर घ्यावे आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणावे.
• थर्मोस्टॅट उघडा अडकणे किंवा चोक अर्धा ओढलेला राहणे.

लक्षणे ओळखा

दोरी ओढून हात दुखतो तरी मशीन लागत नाही, पूर्ण थ्रॉटलला वेग येत नाही, धूर वाढतो, प्लग वारंवार जातो. प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळा-कोरडा असेल तर इंधन जास्त येते आहे. काळा-ओला असेल तर ऑइल जास्त आहे किंवा ठिणगी कमजोर आहे. भार घेतल्यावर खडखड आवाज येत असेल तर मशीन लगेच थांबवा. तापलेल्या कार्बनमुळे इंधन वेळेआधी पेटते आणि पिस्टनला भोक पडू शकते.

मग कॉम्प्रेशन मोजा. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून. दोन सिलिंडरमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर रिंग चिकटल्याचा संशय घ्यावा.

सफाई कशी करावी?

१. मशीन पाण्यात चालवून गरम करा, मग बंद करा. कोरडे कधीच चालवू नका; पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबर थोड्या वेळातच जळते.
२. प्लग काढून कार्बन विरघळवणारा स्प्रे प्रत्येक सिलिंडरमध्ये मारा. किल-स्विचची दोरी काढून ठेवा आणि हाताने मशीन दोन-चार वेळा फिरवा.
३. रात्रभर मुरू द्या.
४. सकाळी प्लग न लावता दोरी ओढा, म्हणजे उरलेले द्रव बाहेर पडेल. हे चुकले तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.
५. जुने प्लग लावून होडीवर, मोकळ्या पाण्यात चालवा. भरपूर धूर येईल. नंतर नवे प्लग लावा.

दोन वेळा करूनही फरक पडला नाही तर हेड उघडावे लागते. पिस्टन वर आणून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. स्क्रू-ड्रायव्हरने चरे पडतात आणि तिथेच पुन्हा कार्बन धरतो. हेड बसवताना गॅस्केट नवीनच लावा. रिंगचे काम मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे.

केव्हा करावे?

१ जून ते ३१ जुलै या पावसाळी बंदीचा काळ सर्वात सोयीचा. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीआधी मशीन तपासलेले असावे. एरवीही रोज परतताना मोकळ्या पाण्यात काही मिनिटे वेगात चालवले तर काजळी कमी बसते.

होडीत वल्ही, नांगर आणि जादा प्लग ठेवाच. समुद्रात अडकल्यास तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३.