फाळक्यांची सत्यचित्रें आणि त्यांचे लेख

इतिहासाचें साधन म्हणजे कागद, शिलालेख, ताम्रपट व नाणें, अशी आपली जुनी समजूत आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत या मालिकेंत आणखी एका पटाची भर पडली. तो म्हणजे चित्रपट. ताम्रपटाला गंज चढतो, पोथीला कसर लागते. जुन्या चित्रपटाची फीत तर आपल्याच अंगच्या रसायनानें कुजते, व एकदां पेटली म्हणजे विझतां विझत नाहीं. या साधनाची परीक्षा व जपणूक कशी करावी याचा संग्राहकांनीं विचार करावा, या हेतूनें धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्या चरित्राचें एक मागें पडलेलें अंग येथें मांडीत आहें. पौराणिक कथाचित्रांचे जनक म्हणून फाळके सर्वश्रुत आहेत. परंतु डोळ्यांपुढें घडतें तें टिपणारे सत्यचित्रकार आणि आपल्या विद्येविषयीं गद्य लिहिणारे लेखक, हें त्यांचें रूप क्वचितच विचारांत घेतलें जातें.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. मुलानें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व पुढें बडोद्याच्या कलाभवनांत शिक्षण घेतलें. १९०३ सालीं ते सरकारच्या पुराणवस्तु खात्यांत छायाचित्रकार व आरेखक म्हणून लागले. ही नोकरी थोड्याच वर्षांत सुटली; तरी आपल्या वाचकांस तिचें महत्त्व अधिक वाटावें. भग्न मूर्ति जशी दिसते तशीच उतरावयाची, तुटलेला हात आपल्या कल्पनेनें जोडावयाचा नाहीं, ही त्या कामाची शिस्त. तीच शिस्त पुढें त्यांच्या सत्यचित्रांत उतरली असावी, असें माझें अनुमान आहे.

या मार्गावर ते पहिले नव्हेत. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनीं १८९९ सालीं मुंबईंत एका कुस्तीचें चित्र घेतलें होतें. १९०१ सालीं, केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचेंहि चित्र त्यांनींच घेतलें. फाळक्यांस ही ओढ लागली ती १९११ सालीं, मुंबईंत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून. फेब्रुवारी १९१२ मध्यें ते लंडनला गेले, विद्या पाहून घेतली, यंत्रसामग्रीची मागणी नोंदविली व परत आले.

यानंतर त्यांनीं पहिलें चित्र कोणतें केलें? तें हरिश्चंद्राचें नव्हे. त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, आणि ठराविक अंतरानें त्याचें एकेक चित्र घेत गेले. तीं सर्व चित्रें सलग दाखवितांच दाण्यांतून अंकुर फुटून वेल चढतांना कांहीं क्षणांत दिसूं लागला. हीच ‘अंकुराची वाढ’. भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून ती दाखविली, व कर्ज मिळालें. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला, त्याचें बीज अक्षरशः या कुंडींत होतें. पुढें नाशिकास बिऱ्हाड हलविल्यावर, कथाचित्रांच्या गर्दींतहि, तळेगांवचा काचकारखाना व नाशिकची सिंहस्थ पर्वणी असे विषय त्यांनीं घेतले.

सर्वांत महत्त्वाचें वर्ष १९१७ हें होय. त्या सालीं ‘चित्रपट कसे तयार करतात’ हें लहान चित्र झालें. त्यांत फाळके स्वतः काम करतांना दिसतात. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून ‘नवयुग’ मासिकांत ‘भारतीय चित्रपट’ ही त्यांची लेखमाला सुरू झाली व सप्टेंबर १९१८ मध्यें संपली. एकच कर्ता, एकच विषय, एकच काळ, आणि साधनें दोन. लेखांत हेतु सांपडतो, चित्रांत हात दिसतो. अशी जोडी आपल्या शिल्पशास्त्राच्या ग्रंथांसहि लाभलेली नाहीं. तेथें ग्रंथ आहे तर ग्रंथकार छिन्नी चालवितांना कोणीं पाहिलेला नाहीं.

तथापि आत्मकथन म्हणून हें सर्व प्रमाण मानूं नये. लेख घटनेनंतर पांच-सहा वर्षांनीं लिहिले गेले, आणि तेव्हां कर्त्यास भांडवलाची विवंचना होती. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी १९१८ च्या आरंभीं, म्हणजे लेखमाला चालूं असतांनाच, स्थापन झाली. तेव्हां त्या लेखांत इतिहास किती व आवाहन किती, हें निवडून पाहिलें पाहिजे. त्याला उपाय आहे. १९२७-२८ सालीं सरकारनें नेमलेल्या चित्रपट-चौकशी समितीपुढें फाळक्यांनीं साक्ष दिली. ती सरकारी दप्तरांतील नोंद व ‘नवयुग’मधील लेख शेजारीं ठेवून वाचावे, म्हणजे कालांतरानें काय बदललें तें कळेल.

आतां पाठभेदाविषयीं. ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. पैकीं पहिलें व शेवटचें अशीं दोनच उरलीं आहेत. १९१७ सालीं फाळक्यांनीं हेंच कथानक पुन्हा चित्रित केलें होतें, व उरलेलीं रिळें त्या दुसऱ्या प्रतीचीं आहेत, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. म्हणजे जें आपण मूळ म्हणून पाहतों तें नक्कल असणें शक्य आहे. पोथीच्या पुष्पिकेवर विसंबून काल ठरविणाऱ्यांस हा धोका नवा नाहीं. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें व पी. के. नायर यांनीं आयुष्य वेंचून अवशेष जमविले, म्हणून एवढें तरी हातीं आलें. सत्यचित्रांचें दैव त्याहून खोटें. कथाचित्रांस गिऱ्हाईक होतें, वाटाण्याच्या वेलास कोण जपणार?

येथें माझा एक प्रमाद सांगतों. शिक्षकीच्या काळांत आमच्या नगर जिल्ह्यांतील एका वाड्यांत मी मोडी कागद पाहण्यास गेलों होतों. फडताळांत फीत ठेवण्याचा पत्र्याचा चपटा डबा होता. फीत केव्हांच टाकून दिलेली, आंत सुपारी. झांकणावर जीर्ण चिठ्ठी होती. कागदांच्या नादांत ती मीं वाचली नाहीं, उतरून घेतली नाहीं. पुढें वाडा पडला. त्या डब्यांत काय होतें, हें आतां कोणासच सांगतां येणार नाहीं.

फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकास वारले. त्यांचीं चित्रें फिरत्या तंबूंतून गांवोगांव गेलीं. म्हणून नाशिक, अहिल्यानगर व पुणें या टापूंतील संग्राहकांस विनंति, कीं दप्तर पाहतांना असा डबा दिसल्यास दिव्याजवळ उघडूं नये, फीत उलगडूं नये. प्रथम झांकणावरील अक्षर जसेंच्या तसें उतरून घ्यावें, डबा कोठून आला तें लिहावें, व मग पुण्याच्या संग्रहालयास कळवावें. चिठ्ठी वाचणें हें आपलेंच काम आहे.