जीएल-४ की जीएल-५? गिअर ऑईलच्या आकड्यांमागची गोष्ट

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, गिअर ऑईलचा कसला आलाय इतिहास? पण आहे. आणि तो माहीत नसेल तर चांगल्या गिअरबॉक्सची हळूहळू वाट लागू शकते.

ऑईलच्या दुकानात गेलात की डब्यावर दोनपैकी एक खूण दिसते: जीएल-४ किंवा जीएल-५. दुकानदार सहज म्हणतो, "फाईव्ह घ्या की, लेटेस्ट आहे." आपल्यालाही ते पटतं. मोबाईलमध्ये पाच म्हणजे चारच्या पुढचं, मग इथेही तसंच असणार! तर नाही. हा आकडा म्हणजे इयत्ता नाही, पत्ता आहे. कुठल्या गिअरसाठी हे ऑईल बनवलंय, त्याचा पत्ता. तो वाचायला शिकायचं तर शंभरेक वर्षं मागे जाऊया.

१८९१ च्या सुमारास फ्रान्समध्ये एमिल लव्हासोर यांनी मोटारीत सरकत्या गिअरचा गिअरबॉक्स बसवला. वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन दातेरी चाकं सरकवून एकमेकांत अडकवायची. जमलं तर जमलं, नाहीतर खर्रर्र! "रानटी आहे, पण चालतं," असं ते स्वतःच म्हणाल्याचं सांगतात. या गिअरांना ऑईलचे लाड नव्हते. पोलादावर पोलाद, सरळ दाते. साधं जाडसर खनिज तेल भागून जायचं.

पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत दोन-तीन वर्षांच्या अंतराने दोन गोष्टी आल्या. आजचा सगळा घोळ त्यातूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट मागच्या चाकांजवळची. पूर्वी इंजिनकडून येणारा लांब शाफ्ट मागच्या ॲक्सलला बरोबर मध्यावर भेटायचा. त्यामुळे गाडीची फरशी उंच ठेवावी लागायची. १९२६ मध्ये पॅकार्ड कंपनीने हायपॉइड गिअर आणले. यात पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसतो. शाफ्ट खाली गेला, गाडी बुटकी आणि देखणी झाली. पण हायपॉइडचे दाते एकमेकांवरून नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. इतक्या दाबात साध्या तेलाचा थर पिळून बाहेर निघतो आणि धातूला धातू भिडतो.

यावर रसायनशास्त्रज्ञांनी तेलात गंधक घातलं, म्हणजे सल्फर. सोबत त्या काळी शिशाचा साबणही असायचा. दाब आणि उष्णता वाढली की गंधक पोलादाशी संयोग पावतं आणि दात्यांवर एक पातळ थर बनतो. घासला जातो तो हा थर, दाते वाचतात. या प्रकाराला ईपी म्हणतात, एक्स्ट्रीम प्रेशर.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्समधली. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणलं, अर्ल थॉम्पसन या इंजिनिअरची कल्पना. गिअर अडकण्याआधी एक शंकूसारखा भाग दुसऱ्यावर टेकतो, घर्षणाने दोघांची गती सारखी होते आणि मगच दाते एकमेकांत बसतात. लव्हासोरची खर्रर्र संपली. पुढे रूढ झालेल्या सिंक्रो रिंग बहुतेक पितळेच्या किंवा ब्राँझच्या. दोन्हींत तांबं असतं.

आता गंमत बघा. गंधक आणि तांबं यांचं जमत नाही. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे घरातले चांदीचे पैंजण काळे पडतात ना? साधारण तसाच प्रकार. गरम ऑईलमधलं सक्रिय गंधक पितळ खात राहतं. शिवाय सिंक्रो रिंगला थोडं घर्षण हवंच असतं. ऑईल फार निसरडं झालं की रिंग पकड घेत नाही आणि गिअर पडताना कुरकुर ऐकू येते. म्हणजे एकाच्या जिवासाठी केलेलं औषध दुसऱ्याला बाधणारं.

पुढे अमेरिकन लष्कराने आपल्या गाड्यांसाठी गिअर ऑईलचे नियम ठरवले. मग १९५० च्या दशकात इंजिनं जास्त ताकदवान झाली, हायपॉइडवरचा ताण वाढला आणि १९६२ मध्ये लष्कराने आणखी कडक नियम काढला. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत जुन्या नियमाच्या तोडीचं ऑईल ठरलं जीएल-४ आणि नव्या नियमाच्या तोडीचं जीएल-५. जीएल-५ मध्ये ईपी रसायनांची मात्रा साधारण दुप्पट. का? तर जोराचे धक्के खाणाऱ्या हायपॉइडसाठी. पितळी रिंगांसाठी तो नियम लिहिलाच नव्हता.

मग तुमच्या गाडीत काय? समोरची चाकं ओढणाऱ्या आणि इंजिन आडवं असलेल्या छोट्या कारमध्ये, उदाहरणार्थ १९८३ च्या मारुती ८०० मध्ये, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात आणि तिथे हायपॉइड नसतो. अशा पेटीला सहसा जीएल-४ पुरतं. मागची चाकं ढकलणाऱ्या जीप किंवा पिकअपमध्ये मात्र दोन वेगळ्या पेट्या. पुढे गिअरबॉक्स, मागे क्राऊन-पिनियन. मागे जीएल-५ लागतं, आणि तिथे जीएल-४ ओतणंही तितकंच महागात पडतं. बहुतेक मोटरसायकलींना हा प्रश्नच नाही, कारण इंजिन, क्लच आणि गिअर एकाच इंजिन ऑईलमध्ये असतात.

आणखी एक गैरसमज. गॅरेजमधलं "नव्वद नंबर" किंवा डब्यावरचं ७५डब्ल्यू-९० हा जाडपणाचा आकडा. जीएलशी त्याचा संबंध नाही. आणि गिअर ऑईलची ही मोजपट्टी इंजिन ऑईलपेक्षा वेगळी आहे. गिअर ऑईलचं ९० प्रत्यक्षात इंजिन ऑईलच्या ४०-५० इतकंच जाड असतं.

हल्ली काही जीएल-५ ऑईलं पितळेला न खाणारी बनवतात. काही कंपन्या गिअरबॉक्सला जीएल-५ सांगतात, तर काही चक्क ऑटोमॅटिकचं ऑईल सांगतात. म्हणून शेवटचा शब्द गाडीच्या मॅन्युअलचा. त्यात जीएल आणि जाडपणा दोन्ही दिलेले असतात. त्या पानाचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. चुकीचं ऑईल पहिल्या दिवशी काहीच दाखवत नाही. गाडी मस्त चालते. रिंग झिजल्याचं कळतं ते कितीतरी किलोमीटरनंतर, आणि तोवर गिअरबॉक्स उघडायची वेळ आलेली असते.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "फाईव्ह घ्या, लेटेस्ट आहे" म्हणालं, तर एवढंच विचारा: "कुठे ओतायचंय, गिअरबॉक्समध्ये की क्राऊनमध्ये?" भेटू पुढच्या भागात!