कच्च्या लिंबाचा पाहुणचार

गल्लीतल्या खेळात कच्च्या लिंबावर राज्य येत नाही. तो बाद झाला तरी खेळत राहतो आणि त्याच्या चुकांची वसुली कोणी करत नाही. पोकरच्या टेबलावर नेमके उलटे घडते. तेथे धंदेवाईक खेळाडूचा चरितार्थच कच्च्या लिंबाच्या चुकांवर चालतो. अमेरिकी जुगाऱ्यांच्या बोलीत त्याला ‘मासा’ म्हणतात. या माशाशी वागण्याची रीत गेल्या दोन शतकांत अनेकदा पालटली. दरवेळी तिच्या मुळाशी प्रश्न एकच होता: हा माणूस उद्या पुन्हा खेळायला बसणार आहे का?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीच्या परिसरात खेळले जाणारे पोकर अवघ्या 20 पत्त्यांचे होते. एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी एवढीच पाने. चार जणांना पाच-पाच वाटली की कॅट संपला. पान बदलून घेण्याची सोय नव्हती. त्यामुळे सारी मदार पैज लावण्यावर आणि, खरे सांगायचे तर, पत्ते वाटणाऱ्याच्या बोटांवर असे. जुगार सोडून त्याच्याविरुद्ध लिहू लागलेल्या जोनाथन ग्रीनने 1843 साली या लबाड्यांवर पुस्तकच प्रसिद्ध केले.

नदीकाठच्या गावांनी मात्र पुस्तकाची वाट पाहिली नव्हती. मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्ग येथे जुलै 1835 मध्ये जुगाऱ्यांना चोवीस तासांत गाव सोडण्याचा हुकूम झाला. 6 जुलैला जमाव एका अड्ड्यात घुसला, आतून झालेल्या गोळीबारात डॉ. ह्यू बॉडली ठार झाले आणि चवताळलेल्या जमावाने पाच जणांना खटल्याविना फासावर लटकवले. अडीच वर्षांनी, जानेवारी 1838 मध्ये, अब्राहम लिंकन नावाच्या 28 वर्षांच्या वकिलाने स्प्रिंगफील्ड येथील भाषणात झुंडशाहीचे उदाहरण म्हणून हीच घटना सांगितली. लिंकनना जुगाऱ्यांचा पुळका नव्हता. त्यांची चिंता कायद्यासाठी होती.

गावात थारा उरला नाही, तसा जुगारी आगबोटींवर अधिकाधिक दिसू लागला. बोटीवरचा मासा पुढच्या धक्क्यावर उतरून जाई आणि पुन्हा भेटण्याची शक्यता नसे, म्हणून त्याला शेवटच्या डॉलरपर्यंत सोलण्यात काहीच जोखीम नव्हती. या काळाचे सर्वांत मोकळेढाकळे वर्णन जॉर्ज डेव्हॉलच्या 1887 सालच्या आत्मकथनात सापडते. खुणा केलेले पत्ते, आधीच लावून ठेवलेला कॅट, प्रवाशांत मिसळलेला साथीदार, हे सारे तो जराही न लाजता सांगतो. त्याचा भागीदार कॅनडा बिल तर गबाळ्या, बावळट खेडुताचे सोंग घेई. समोरच्याला वाटे, आपणच या गावंढळाला लुटतो आहोत. दुबळ्याला ‘तूच बलवान’ असे भासवण्याची ही कला पुढे लबाडी गेली तरी टिकली. गंमत अशी की, नदीवर इतरांना नागवणारे हे दोघे ‘फॅरो’ या खेळाच्या टेबलावर गेले की स्वतःच मासे ठरत आणि कमाई तेथे उधळून येत.

विसाव्या शतकाच्या मध्यावर टेक्सासात परिस्थिती वेगळी होती. डॉयल ब्रन्सन, अमॅरिलो स्लिम यांसारखे फिरस्ते खेळाडू गावोगावच्या खासगी बैठकांत उतरत. तेथला मासा म्हणजे तेलविहिरींचा मालक, पशुपालक किंवा व्यापारी. तो दर आठवड्याला येई आणि बैठक त्याच्यामुळेच भरे. त्याला फसवले तर बंदुकीची भीती, अपमान केला तर बैठक मोडण्याची. म्हणून गप्पा, विनोद आणि हरल्यावरही हसतमुख चेहरा हे धंद्याचे भांडवल बनले. 1970 साली लास व्हेगासमध्ये बेनी बिनियनने विश्व पोकर मालिका सुरू केली आणि 1972 चा विजेता स्लिम आपल्या वाचाळपणाच्या बळावर दूरचित्रवाणीवर झळकला.

या सौजन्यामागचे गणित साधे आहे. बुद्धिबळात नवखा उस्तादाकडून हरतच राहतो आणि लवकरच उठून जातो. पोकरमध्ये दैव त्याला अधूनमधून जिंकवते, आणि त्या जिंकण्याच्या आठवणीवर तो पुढचे कित्येक डाव हरायला तयार होतो. अशा वेळी ‘या पानांवर कोणी पैज लावते का?’ असे त्याला खडसावणाऱ्या खेळाडूचे दोन्हीकडून नुकसान होते. मासा एक तर रागावून उठतो, नाही तर शिकतो. म्हणूनच जुने खेळाडू नव्यांना बजावत, मत्स्यालयाच्या काचेवर टकटक करू नका.

2003 मध्ये ही काच फुटली. शंभर डॉलरांहून कमी शुल्काच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला टेनेसीचा हिशोबनीस ख्रिस मनीमेकर 839 खेळाडूंमधून विश्व मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकला. बक्षीस 25 लाख डॉलर. 2006 मध्ये त्याच स्पर्धेत 8,773 जण उतरले. पण पडद्यावर मासा म्हणजे केवळ एक टोपणनाव होते. त्याच्याशी बोलण्याची, हसण्याची गरज संपली. प्रत्येक डाव नोंदवून कोण किती कच्चा आहे, हे सांगणारी सॉफ्टवेअरे निघाली. काही धंदेवाईक रिकाम्या टेबलावर तासन्‌तास दबा धरून बसत, ओळखीचा मासा आला की खेळत, आणि तो उठला की क्षणात टेबल ओस पडे. आगबोटीवरचा जुगारी निदान साथीदाराला प्रवाशाची चौकशी करायला पाठवत असे. येथे तेवढाही माणुसकीचा स्पर्श नव्हता.

नवखे भराभर बुडू लागले तशी चिंता वाढली ती कंपन्यांची, कारण त्यांचे उत्पन्न प्रत्येक डावातून कापल्या जाणाऱ्या हिश्श्यावर चालते आणि बुडालेला मासा पुन्हा पैसे भरत नाही. 2011 च्या अखेरीस ‘बोडॉग’ने आपल्या टेबलांवरून टोपणनावेच काढून टाकली. आता समोर कोण बसले आहे, पट्टीचा खेळाडू की कच्चा लिंबू, हे आधीच्या नोंदींवरून कळण्याचा मार्ग उरला नाही. नावाच्या जागी दिसे तो केवळ एक आकडा.