पेशीचा घास : मेसिना ते मुझफ्फरपूर (धागा)

१/ सिसिलीतील मेसिना, १८८२. घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली होती आणि इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकापाशी एकटाच बसला होता. समोर तारामाशाच्या पारदर्शक अळ्या. बागेतील गुलाबाचे काटे त्याने त्यांच्या अंगात खुपसले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! (ही हकीकत त्याने स्वतःच बऱ्याच वर्षांनी लिहिली, तेव्हा नाट्य थोडे चाळून घ्यावे.)

२/ परका कण वेढून गिळणाऱ्या या भक्षकपेशी. १९०८ चे नोबेल त्याला पॉल एर्लिखसह मिळाले. गिळलेला घास पेशीतील ज्या पाचक पिशवीत जातो, ती लायसोसोम, १९५५ मध्ये क्रिस्तियाँ द दुव्ह यांनी ओळखली.

३/ १९६५ : केंब्रिजजवळ ॲलेक बँगहॅम यांनी दाखविले, की काही मेदद्रव्ये पाण्यात मिसळताच आपोआप बंद बुडबुडे होतात. हेच लायपोसोम. त्यांत औषध भरून रोगस्थानी धाडावे, ही कल्पना लवकरच पुढे आली. पण रक्तात सोडलेले बुडबुडे यकृत व प्लीहेतील भक्षकपेशीच गिळू लागल्या. दूत वेशीवरच धरला गेला!

४/ कर्करोगाच्या गाठीकडे निघालेल्या औषधासाठी ही आपत्तीच. काळ्या आजाराची गोष्ट मात्र निराळी. १९०३ मध्ये लीशमन यांनी आणि मद्रासेत डोनोव्हान यांनी वर्णिलेला त्याचा परजीवी राहतो कुठे? याच भक्षकपेशींत, त्याच पाचक पिशवीत. उपचाराविना हा रोग बहुधा प्राण घेतो. १९७८ च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले, की लायपोसोमात भरलेले अँटिमनीचे औषध कितीतरी अधिक परिणामकारक ठरते. शत्रूच्या दारापर्यंत पेशीच त्याला पोहोचवीत होती. नॅनोवैद्यकाच्या इतिहासात कर्करोगाचेच पोवाडे फार. मला हे प्रकरण अधिक मोलाचे वाटते.

५/ बिहारमध्ये अँटिमनी निष्प्रभ होत गेले. पर्याय होता ॲम्फोटेरिसिन बी : दिवसाआड १५ सलाइन, सोबत थंडीताप, मूत्रपिंडांना धोका. हातावर पोट असलेल्या माणसाने महिनाभर खाटेवर राहायचे कसे? शंभर नॅनोमीटरहून लहान लायपोसोमांतील तेच औषध श्याम सुंदर व सहकाऱ्यांनी मुझफ्फरपूर येथे एकाच मात्रेत दिले. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : सहा महिन्यांनंतर ९५.७ टक्के रुग्ण बरे, म्हणजे महिनाभराच्या उपचाराच्या तोडीस तोड.

६/ किंमत मात्र गरिबाच्या आवाक्याबाहेरची. २०११ मध्ये उत्पादक गिलियड व जागतिक आरोग्य संघटना यांच्यात मोफत पुरवठ्याचा करार झाला. त्यानंतरच ही एक मात्रा बिहारच्या गावागावांतील रुग्णांपर्यंत पोहोचू लागली.